झेरॉक्सच्या आधी प्रती कशा काढत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कपाटातून निघालेल्या कागदांत कधी फिकट जांभळी अक्षरे दिसतात, कधी पापुद्र्यासारख्या पातळ पानावर फुटलेली शाई, तर कधी काळ्या पानावर पांढरे लिखाण. हा कागद मूळ की नक्कल, आणि नक्कल असेल तर ती काढली कशी, असे प्रश्न नेहमी येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

समोर असलेल्या कागदाची प्रत हवी असेल तर पूर्वी काय करत?

पुन्हा लिहून काढत किंवा पुन्हा टाइप करत. ही एक गोष्ट आधी लक्षात घेतली की बाकीचे सगळे सोपे होते. आज आपण लिहून झालेला कागद काचेवर ठेवतो आणि प्रत काढतो. जुन्या बहुतेक पद्धतींत हे शक्यच नव्हते. कार्बन घालायचा तर लिहायला बसण्याआधी घालायला हवा. सायक्लोस्टाइल करायचे तर मजकूर साध्या कागदावर नव्हे, स्टेन्सिलवरच, म्हणजे मेणासारखा लेप दिलेल्या कागदावरच, उमटवायला हवा. जांभळ्या प्रती हव्या असतील तर खास शाईनेच लिहायला हवे. आपला मजकूर किती जणांपर्यंत जाणार, हे लेखणी उचलण्याआधी ठरवावे लागे. ‘लागली तर नंतर काढू’ ही सोय सर्वसामान्य माणसाच्या हाती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली.

मग छापखाना होता ना?

होता, पण खिळे जुळवून छापणे शेकडो-हजारो प्रतींना परवडते. दहा-पंधरा प्रतींसाठी कोणी खिळे जुळवत नसे. १७९६ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने शोधलेल्या शिळामुद्रणामुळे हस्ताक्षर जसेच्या तसे छापता येऊ लागले, तरी दगड, दाबयंत्र आणि कसबी माणूस लागतच असे. एका प्रतीसाठी हात आणि हजार प्रतींसाठी छापखाना, या दोहोंच्या मधली मोठी जागा रिकामी होती. या पानावरच्या सगळ्या पद्धती त्या जागेसाठी जन्माला आल्या.

हाताने नक्कल करताना चुका होत नसत का?

होत, आणि ठरावीक प्रकारच्या होत. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळा वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतो आणि मधला मजकूर गळतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना अशा गळतीवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे शोधता येते. म्हणून महत्त्वाच्या कागदाची नक्कल झाली की एकाने मूळ मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचे, असा ताळा घेतला जाई.

तेराव्या शतकात पॅरिस आणि बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या गावी एक हुशार व्यवस्था होती. तपासून घेतलेल्या ग्रंथाची पाने सुटी ठेवून त्यांचे छोटे छोटे भाग भाड्याने दिले जात. एक जण पहिला भाग उतरवत असताना दुसरा तिसरा भाग उतरवू शके. एका ग्रंथावर एकाच वेळी अनेक हात चालत.

पत्राची प्रत दाबून काढत म्हणतात, ते काय?

वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला माहीत असलेल्या जेम्स वॅटचीच ही कल्पना. धंद्याच्या पत्रांच्या नकला करण्यात त्याचा फार वेळ जाई. १७८० साली त्याने पत्राची प्रत दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. खास शाईने पत्र लिहायचे, त्यावर ओलसर केलेला अतिशय पातळ कागद ठेवायचा आणि दाबयंत्रात दाबायचा. शाईचा थोडा अंश पातळ कागदात उतरतो. अक्षरे उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की तो पालथा करून मागच्या बाजूने वाचला की ती सुलटी दिसतात. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते, कारण कागदाच्या पातळपणालाच तिने आरशाचे काम दिले.

पुढे कचेऱ्यांमध्ये असे पातळ कागद शेकड्यांनी बांधलेल्या वह्या आल्या. रोज गेलेली पत्रे ओळीने त्या वहीत दाबली जात. पान ओले करणे हेच खरे कसब होते. पाणी जास्त झाले की अक्षर फुटते आणि मूळ पत्रही खराब होते, कमी झाले तर काही उमटतच नाही. शिवाय शाई ताजी असेपर्यंत, साधारण दिवसभरातच, हे काम उरकावे लागे.

अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी हे दाबयंत्र वापरले आणि १८०४ पासून ते दोन लेखण्यांच्या यंत्राकडे वळले. जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी १८०३ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या यंत्रात एक लेखणी हातात धरायची. जोडदांड्यांनी बांधलेली दुसरी शेजारच्या कागदावर तेच शब्द लिहीत जाई.

कार्बन पेपर कोणी शोधला?

दोन नावे घ्यावी लागतात. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड यांनी १८०६ मध्ये शाई माखलेल्या कागदाचे पेटंट घेतले. त्याच सुमारास इटलीत पेलेग्रीनो तुर्री यांनी एका अंध स्त्रीला लिहिता यावे म्हणून टंकयंत्र बनवले आणि त्याच्या शाईसाठी असाच कागद वापरला.

तरीही कार्बन पुढची सत्तर वर्षे मागेच राहिला. पिसाची लेखणी कागदावरून हलकेच सरकते. तिचा दाब खालच्या पानापर्यंत पोहोचत नाही, आणि दाबली तर टोक मोडते. १८७० च्या दशकात टाइपरायटर बाजारात आला, खिळ्याचा ठोका कागदावर बसू लागला आणि कार्बनला त्याचा जोडीदार मिळाला.

एका वेळी किती कार्बन प्रती निघत?

स्वच्छ वाचता येतील अशा चार-पाच. पातळ कागद आणि जोरकस हात असेल तर आणखी काही, पण शेवटची प्रत धूसरच. त्यामुळे कोणाला कितवी प्रत मिळते यालाही अर्थ असे. वरची मूळ प्रत मुख्य माणसाला, पहिल्या कार्बन बाकीच्यांना आणि सर्वांत पुसट प्रत बहुधा आपल्याच फायलीत. जुन्या फायलींतल्या प्रती इतक्या अंधूक का, या प्रश्नाचे उत्तर बरेचदा इतके साधे असते.

चूक दुरुस्त करणे जिकिरीचे होते. प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाचा कपटा सरकवायचा, मूळ आणि प्रत्येक प्रत वेगवेगळी खोडायची, कपटे काढायचे आणि मग त्याच जागी नेमके अक्षर मारायचे. एखादा कपटा आत राहिला तर तेवढी जागा खालच्या प्रतीत कोरी. आणि कार्बन उलटा घातला गेला तर पान संपल्यावर कळे की सगळा मजकूर मूळ प्रतीच्याच पाठीवर उलटा उमटला आहे.

ईमेलमधले ‘सी सी’ याच्याशी संबंधित आहे का?

हो. ‘सी सी’ म्हणजे कार्बन कॉपी. पत्राच्या तळाशी ‘सी सी’ लिहून कार्बन प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्यांची नावे टाइप करत.

सायक्लोस्टाइल नेमके कसे चालत असे?

मेण किंवा तत्सम लेप दिलेला चिवट पातळ कागद म्हणजे स्टेन्सिल. त्यावर अक्षर उमटवले की तेवढ्या जागचा लेप बाजूला होतो आणि आतले तंतू उघडे पडतात. त्या वाटेने शाई पाझरते, बाकी कागद शाई अडवतो. स्टेन्सिल शाईच्या ड्रमवर ताणून बसवायचा, हँडल फिरवायचे आणि कोरे कागद एकामागून एक खालून जाऊ द्यायचे. एका चांगल्या स्टेन्सिलवर शेकडो, जपून वापरला तर हजाराहून जास्त प्रती निघत.

या कल्पनेवर अनेकांनी काम केले. थॉमस एडिसन यांच्या विजेच्या लेखणीचे पेटंट १८७६ चे आहे. तिच्या टोकाची सुई छोट्या मोटरवर वेगाने वरखाली होई आणि अक्षराच्या रेषेवर बारीक भोके पाडत जाई. बॅटरी सांभाळणे कटकटीचे असल्याने ती फार टिकली नाही. मात्र १८९१ मध्ये सॅम्युएल ओरायली यांनी गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले ते याच कल्पनेवर. हंगेरीत जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थिरावलेले डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. त्यांनी लेखणीच्या टोकाला बारीक दात्यांचे चाक बसवले. ते मेणकागदावरून फिरले की मागे छिद्रांची रेघ उमटत जाई. शिकागोत अल्बर्ट ब्लेक डिक यांनी एडिसन यांच्याकडून परवाना घेऊन १८८७ मध्ये मिमिओग्राफ हे स्टेन्सिलवर चालणारे यंत्र विकायला काढले.

मराठीत आपण चक्रमुद्रण, चक्रमुद्रित प्रत म्हणतो. ऐकणाऱ्याला फिरणारा ड्रम आठवतो. पण सायक्लोस्टाइल या नावातले चक्र म्हणजे लेखणीच्या टोकावरचे ते इवलेसे दातेरी चाक. ड्रम नंतर आला.

स्टेन्सिल ‘कापणे’ म्हणजे काय? टाइप करण्यापेक्षा वेगळे काय होते?

टाइपरायटर तोच, पण रिबीन बाजूला करायची, म्हणजे उघडा खिळा थेट स्टेन्सिलवर बसतो. त्याआधी खिळे ब्रशने लख्ख करायचे, कारण खाचांत अडकलेला मळ अक्षराची कड बोथट करतो. ठोका सगळीकडे सारखा हवा. हलका पडला तर अक्षर उमटत नाही. जोरात पडला तर पोट असलेल्या अक्षराचा मधला तुकडाच सुटून पडतो आणि छापल्यावर तिथे शाईचा भरीव ठिपका दिसतो. जुन्या चक्रमुद्रित पानावर ‘व’ किंवा ‘ब’चे पोट काळे भरलेले दिसले तर कारण हेच.

सर्वांत अवघड म्हणजे काय लिहिले ते लिहिताना धड दिसत नसे. चूक सापडली तर त्या जागी लेपाचा द्रव बारीक ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा आणि नव्या लेपावर बरोबर अक्षर मारायचे. चित्रे, आलेख, सह्या टोकदार सळईने काढत. खाली दिव्याची काच ठेवली की आतल्या नमुन्यावरून गिरवता येई. इतके करून पहिली प्रत काढायची आणि तपासायची. एक चांगला स्टेन्सिल कापणारा माणूस असणे ही कोणत्याही कचेरीची, संस्थेची मोठी ठेव होती आणि त्या कौशल्याची फारशी नोंद कुठे झाली नाही, याची मला खंत वाटते.

काम झाल्यावर स्टेन्सिल टाकून देत नसत. टिपकागदाने शाई शोषून घ्यायची, कागदात घालून ठेवायचा आणि लागला की पुन्हा ड्रमवर चढवायचा.

ज्या लिपीला टाइपरायटर नाही तिने काय करायचे?

हाताने कापायचे. जपानमध्ये होरिई शिंजिरो यांनी १८९४ मध्ये यासाठी सुटसुटीत संच तयार केला. कानशीसारख्या खरखरीत लोखंडी पाटीवर मेणकागद ठेवून पोलादी लेखणीने लिहायचे, मग तो चौकटीत ताणून वरून शाईचा रूळ फिरवायचा. लिहिताना होणाऱ्या ‘गारी गारी’ आवाजावरून लोक त्याला गारीबान म्हणू लागले. हजारो अक्षरचिन्हांच्या लिपीला त्या काळच्या टाइपरायटरपेक्षा हे कितीतरी सोयीचे पडले. वीज नको, यंत्र नको, आणि लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर प्रत्येक प्रतीत जिवंत.

जांभळ्या अक्षरांचे रहस्य काय?

जांभळ्या प्रती दोन पद्धतींनी निघत आणि दोहोंत गल्लत होते. जुनी पद्धत हेक्टोग्राफची, १८७० च्या दशकात पसरलेली. उथळ ताटलीत जिलेटिन आणि ग्लिसरीनची जेली थापायची. ॲनिलीन रंगाच्या शाईने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा ठेवायचा. रंग जेलीत शिरतो. मग कोरा कागद ठेवून हलका हात फिरवला की त्यावर मजकूर उतरतो. हेक्टो म्हणजे शंभर, पण शंभरावी प्रत वाचायला डोळे ताणावे लागत. पन्नासेक चांगल्या निघाल्या तरी खूप.

दुसरी पद्धत स्पिरिट डुप्लिकेटरची. जर्मनीत विल्हेल्म रिट्झरफेल्ड यांनी १९२३ मध्ये ती आणली. इथे जेली नाही. मूळ कागदाच्या पाठीला रंगीत मेणाचा थर चिकटतो, म्हणजे मजकूर उलटा तयार होतो. तो ड्रमवर बसवायचा. कोरा कागद अल्कोहोलने जरासा ओला होऊन खालून जातो आणि रंगाचा अगदी पातळ थर विरघळवून घेतो. प्रत्येक प्रतीबरोबर मूळ थोडे थोडे झिजते, म्हणून शेवटच्या प्रती फिक्या. ताज्या प्रतींना येणारा तो गोडसर, उग्र वास याच द्रवाचा. त्यात अनेकदा मिथेनॉल असे आणि ते विषारी आहे, तेव्हा बंद खोलीत तासन्‌तास हे काम करणे चांगले नव्हते.

रंग जांभळाच का? मिथाइल व्हायोलेट हा रंग स्वस्त, अल्कोहोलमध्ये सहज विरघळणारा आणि कणभर असला तरी डोळ्यांत भरणारा. लाल, हिरवा, निळाही मिळत. एकाच मूळ कागदावर वेगवेगळे रंग घेतले तर एका फेरीत रंगीत प्रत निघे, जे सायक्लोस्टाइलला जमत नसे. मात्र जांभळ्याइतक्या प्रती त्या रंगांतून येत नसत.

हेक्टोग्राफ घरी करून पाहता येईल का?

येईल, आणि करून पाहावाच. जुन्या कृतींत साधारण एक भाग जिलेटिनला सहा भाग ग्लिसरीन असते. जिलेटिन थंड पाण्यात रात्रभर भिजवा, जास्तीचे पाणी ओता, गरम पाण्यावर भांडे ठेवून वितळवा आणि ग्लिसरीन मिसळा. उकळू नका, बुडबुडे होतात, आणि जेलीवरचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे प्रतीवरचे एक भोक. उथळ ताटात ओतून दिवसभर स्थिर ठेवा.

साध्या पेनाची शाई चालत नाही. हेक्टोग्राफची शाई किंवा हेक्टोग्राफ कागद लागतो. गोंदणारे कलाकार नक्षी त्वचेवर उतरवायला आजही तो कागद वापरतात, त्यामुळे तो मिळतो. हातमोजे घाला. जुनी कॉपिंग पेन्सिल, म्हणजे शिशात ॲनिलीन रंग मिसळलेली पेन्सिल, सापडली तर तिचे टोक जिभेवर ओले करू नका, तिच्यातला रंग अपायकारक आहे. मूळ कागद दोन-चार मिनिटे जेलीवर दाबून उचला आणि लगेच प्रती घ्यायला लागा. उरलेला रंग हळूहळू तळाशी उतरतो, की पृष्ठभाग पुन्हा वापरता येतो.

ब्लूप्रिंट निळी का असते?

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइपमुळे. लोहक्षार लावलेला कागद उन्हात ठेवला की प्रकाश पडलेल्या जागी प्रशियन निळा तयार होतो. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने काढलेला नकाशा वर ठेवला तर रेषांखाली सावली राहते. पाण्याने धुतले की निळ्यावर पांढरी रेघ. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांचे ठसे याच पद्धतीने घेतले. पुढे अमोनियाच्या वाफेवर उमटणारी डायझो प्रत आली, जिच्यात पांढऱ्यावर गडद रेघ मिळते. म्हणून तिला अमोनिया प्रिंट म्हणत. दोन्हींत तयार कागदाची प्रत निघे खरी, पण तो कागद प्रकाश आरपार जाऊ देणारा हवा. म्हणजे इथेही आधी ठरवूनच काढायचे.

फोटोस्टॅट आणि झेरॉक्स एकच ना?

बोलण्यात एकच झाले आहेत, मुळात नाहीत. फोटोस्टॅट म्हणजे मोठा कॅमेरा, जो फिल्मऐवजी थेट फोटोच्या कागदावर चित्र घेई. भिंगासमोरच्या लोलकामुळे अक्षरे सुलटी येत, पण काळ्या पानावर पांढरी. पांढऱ्यावर काळी हवी तर त्या प्रतीचा पुन्हा फोटो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉर्ज बीडलर यांचा रेक्टिग्राफ आणि ऑस्कर ग्रेगरी यांचा फोटोस्टॅट जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. हव्या त्या कागदाची हुबेहूब नक्कल देणारे हे पहिले उपयोगी यंत्र, पण महाग, अवजड आणि रसायनांचे.

झेरॉक्समध्ये ओली रसायने नाहीत. पेटंटच्या कामात सतत नकला लागत म्हणून वैतागलेल्या चेस्टर कार्लसन यांनी स्थिर विजेच्या साहाय्याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली कोरडी प्रत काढली. त्यावर बाजारात चाललेले यंत्र, झेरॉक्स ९१४, यायला १९५९ उजाडले. वजन सुमारे २९४ किलो. हे यंत्र आणणाऱ्या हॅलॉइड कंपनीने १९३५ मध्येच रेक्टिग्राफ कंपनी विकत घेतली होती.

या पद्धतींचा गुप्त पत्रकांसाठी उपयोग झाला का?

फार झाला. म्युनिकमधल्या व्हाइट रोझ गटाने नाझी राजवटीविरुद्धची पत्रके १९४२-४३ मध्ये डुप्लिकेटरवर काढली. सुरुवातीच्या पत्रकांच्या प्रती शंभराच्या आसपास, पाचव्याच्या हजारोंनी. हान्स आणि सोफी शोल १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात सहावे पत्रक वाटताना पकडले गेले आणि चार दिवसांनी त्यांना मृत्युदंड दिला गेला. सोव्हिएत रशियात बंदी आलेले साहित्य टाइपरायटर आणि कार्बनवर फिरले. वाचणाऱ्याने पुन्हा चार-पाच प्रती टाइप करून पुढे द्यायच्या. प्रत्येक वाचक नकलनवीस होता आणि प्रत्येक प्रतीमागे कोणाची तरी रात्र आणि कोणाची तरी जोखीम होती.

माझ्याकडचा कागद कोणत्या पद्धतीचा, कसे ओळखू?

पाठीवरून बोट फिरवा. ठोक्यांचे उठाव लागले, अक्षरांची कड मऊ दिसली आणि कागद पातळ असला तर कार्बन प्रत. काळी शाई, जाडसर शोषून घेणारा कागद, अक्षरांची भरलेली पोटे आणि पाठीवर दुसऱ्या पानाचे पुसट डाग असतील तर सायक्लोस्टाइल. जांभळी अक्षरे आणि गुळगुळीत कागद असेल तर बहुधा स्पिरिट. पापुद्र्यासारख्या पानात शाई आरपार दिसत असेल तर दाबप्रत. जाड, कडेने वळलेले काळे पान म्हणजे फोटोस्टॅट.

आधी काय वाचवावे?

जांभळे. हा रंग उजेडात उडतो आणि पाण्याच्या थेंबानेही पसरतो. अंधारात, कोरड्या जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करा. स्कॅन काळ्या-पांढऱ्यात नको, रंगीतच करा. मग फोटो संपादनाच्या प्रणालीत फक्त हिरवा चॅनल पाहा. जांभळा रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे फिकट अक्षरे तिथे गडद दिसतात.

१९५० च्या दशकातल्या उष्णतेवर चालणाऱ्या थर्मोफॅक्स प्रतीही तातडीच्या. त्या उबेने काळवंडतात आणि ठिसूळ होतात. ब्लूप्रिंट मात्र इतर जुन्या कागदांसाठी सुचवतात त्या अल्कलीयुक्त पाकिटात ठेवू नका, अल्कलीने प्रशियन निळा उडतो. उजेडाने फिकी झालेली ब्लूप्रिंट अंधारात ठेवली तर काही अंशी परत गडद होते. डायझो प्रती वेगळ्या ठेवा, त्यांतून निघणारी रसायने शेजारच्या कागदाला डाग पाडतात. कार्बन आणि सायक्लोस्टाइलची शाई टिकाऊ असते. तिथे काळजी करायची ती पिवळ्या पडलेल्या कागदाची. दाबप्रतींच्या वहीत स्कॅन करताना प्रत्येक पानामागे पांढरा कागद सरकवा, नाहीतर मागची दोन-तीन पत्रे एकमेकांत मिसळून दिसतात. आणि कोणत्याही परिस्थितीत लॅमिनेशन करू नका. ते नंतर निघत नाही.